एकही सुट्टी नाही

“इथे?” बाईंनी अंगठा दाबला.

“नाही.”

“आणि इथे?”

टाचणीचा पाय असा झटकन मागे गेला की बाईंना उत्तर मिळालं. नडगीवर बोटभर जागा दुखत होती, बाकी पाय ठणठणीत.

निवड चाचणी नऊ दिवसांवर आली होती. पंधराशे मीटर, मोठ्या प्रशिक्षण केंद्रात एकच जागा, आणि पुढच्या वर्षी टाचणी अठरा पूर्ण, म्हणजे या वयोगटातून बाद. अंगानं बारीक आणि जिभेनं टोचणारी म्हणून सगळं मैदान तिला टाचणी म्हणायचं. बावीस वर्षं बाई पोरींना पळवत होत्या, पण हिच्या जवळपास फिरकेल अशी एकही त्यांच्या हाताखालून गेली नव्हती.

“आठ दिवस सुट्टी घे, मग बघू.”

“सुट्टी आणि मी? बाई, वही बघा तुमची.”

हजेरीची वही बघायची गरजच नव्हती. बाईंच्या आधी इथे एक मास्तर होते. ‘पाळी’ म्हणायची वेळ आली की बिचारे शिट्टीच शोधायला लागायचे. म्हणून मुलींनी ‘सर, आज सुट्टी’ म्हणायचं आणि त्यांनी नावापुढे ‘सु’ लिहायचं, असं ठरलं. मास्तर निवृत्त झाले, पण ‘सु’ काही निवृत्त झाला नाही. पाळी आली तरी सु, परीक्षा असली तरी सु. बाईंनीही तेच पुढे चालवलं. आणि मागच्याच महिन्यात त्यांनी टाचणीला सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं होतं, “आठ महिन्यांत एकही सुट्टी नाही. शिका जरा हिच्याकडून.” पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता बाईंच्या लक्षात आलं, आठ महिन्यांत एकही ‘सु’ नाही, म्हणजे पाळीचाही नाही.

“टाचणे, पाळी येते ना तुला?”

“बंद झाली की. बरंच झालं ना बाई, कटकट गेली. हलकं वाटतं.”

एकोणिसाव्या वर्षी बाईही हेच म्हणाल्या होत्या. आपलं शरीर आता पक्कं खेळाडूचं झालं, असं त्यांना वाटलं होतं. मग नडगी मोडली, नंतर मांडीचं हाड, आणि पन्नाशीच्या आत त्यांची हाडं सत्तरीला जाऊन पोहोचली. हे सगळं स्वतःच्या अंगावर काढलेल्या बाईनं पोरींना टाळ्या वाजवायला लावल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी त्या टाचणीला आणि तिच्या आईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. हाडाला केसाएवढा तडा होता.

“जेवतेस किती?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“जेवते की. डब्यातलं अर्धं. जड झालं की पळता येत नाही.”

“अगं, जे खातेस ते सगळं पळण्यातच संपतं. मग शरीर एकेक काम बंद करत जातं. आधी पाळी बंद, मग हाडांना मिळणारं बळ बंद. आणि हाडं भरायचं वय तर हेच आहे.”

“पण त्या दिवशी पळाली तर पाय मोडेलच का?” आईनं विचारलं.

“त्या दिवशी कदाचित नाहीही मोडणार.”

आईनं तेवढंच ऐकलं. बाहेर आल्यावर तिनं बाईंना गाठलं. “पाच मिनिटांचंसुद्धा काम नाही बाई. पोरीनं जिवाचं रान केलंय. तुम्ही चाचणीच्या फॉर्मवर सही करा, बाकी जबाबदारी माझी.”

“सही करणार नाही मी.”

“तिच्या तोंडचा घास काढताय तुम्ही.”

“काढतेय. चूकही माझीच आहे, वही मी लिहीत होते. पण सही नाही म्हणजे नाही.”

टाचणीनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी बाईंनी नव्या वहीत दोन रकाने आखले. “सुट्टी वेगळी आणि पाळी वेगळी. पाळी आली की ‘पाळी’ म्हणायचं. दोन महिने आली नाही तर मला सांगायचं, लपवाछपवी नको.”

पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत खुसखुसल्या. बाईंनी प्रत्येकीला तो शब्द मोठ्यानं म्हणायला लावला. तिसऱ्या पोरीपर्यंत हसू होतं. सातवीनं मान खाली घालून सांगितलं, “बाई, माझीही चार महिने नाही.”

चाचणीच्या दिवशी बाई सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या होत्या. टाचणी पायाला आधाराचा बूट बांधून आली आणि दोन हात अंतर सोडून बसली. शर्यत झाली. पहिल्या मुलीची वेळ चार मिनिटं एकेचाळीस सेकंद. टाचणी चार छत्तीसमध्ये पळायची.

“मी जिंकले असते.”

“हो,” बाई म्हणाल्या.

टाचणीला बहुधा दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. ती रडली, चांगली हमसून रडली. बाईंनी तिला थांबवलं नाही.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, “तुमच्या वेळी तुम्हाला कुणी अडवलं नाही?”

“नाही.”

“मग काय झालं?”

“पहिली आले मी.”

मैदान रिकामं होत आलं, तशा बाई उठल्या. कठडा धरून त्यांनी एक पाय खालच्या पायरीवर टेकवला, मग दुसरा त्याच पायरीवर आणला. टाचणी बुटातला पाय सांभाळत त्यांच्या पुढे गेली आणि एक पायरी खाली, खांदा त्यांच्याकडे करून थांबली.