बाजारकचेरीतले पाच किलो

मित्रांनो, मी पितळेचे एक जुने वजन आहे. बरोबर पाच किलो. ना रतीभर जास्त, ना रतीभर कमी. बाजारकचेरीच्या कपाटात, मखमलीच्या पेटीत मी राहते. मला उघड्या हाताने कुणी शिवत नाही. नव्या नवरीचेही झाले नसतील एवढे माझे लाड झाले. माझे काम एकच. वर्षातून एकदा बाजारातल्या साऱ्या वजनांनी माझ्यासमोरच्या पारड्यात बसायचे.

पूर्वी आमचा बाजार ओस होता. जितकी दुकाने तितकी मापे! शेतकरी नदी ओलांडून पलीकडच्या बाजारात जात. मग कचेरी उघडली, मी आले, तरी विश्वास बसेना. "सगळे एकमेकांचे सोयरे. कोण कुणाचं माप धरणार?" असे लोक म्हणत.

पहिल्याच तपासणीला धान्याचे मोठे व्यापारी आले. कचेरीत वजने तपासणाऱ्या तपासनिसांच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. माणूस सचोटीचा, रोज सकाळी राखेने वजन घासून आरशासारखे ठेवणारा. त्यांनी ते ऐटीत पारड्यात ठेवले आणि माझे पारडे खाली गेले.

"भाऊजी, तीस वर्षं घासलंत. लख्ख झालं, पण झिजलं," तपासनीस हळूच म्हणाले.

"अरे, चिमूटभर फरक! त्यासाठी चारचौघांत माझं नाक कापतोस? ताईला काय तोंड दाखवशील?"

"ताईनं वाढलं नाही तर उपाशी राहीन. पण आज तुमचं सोडलं, तर उद्या कुणाचं धरू?"

व्यापाऱ्यांनी स्वतःच छिन्नी उचलली आणि आपल्या वजनावर बाद झाल्याची फुली मारली. पुढे महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ओंजळभर धान्य जास्त घालत. "ही माझ्या चकाकीची भरपाई," म्हणत.

गोष्ट नदीपार पोचली. "तिथे मेहुण्याचंही माप मोडतात म्हणे!" गाड्या आमच्याकडे वळल्या. पोती शिवणारे आले, गोदाम उभे राहिले, पूल झाला, शाळा झाली. पुलामुळे बाजार वाढला, असे पूल बांधणाऱ्यांना वाटते. वाटू दे बापडे!

आता विजेचे काटे आले. त्यांचीही परीक्षा मीच घेत असे. गेल्या वर्षी मात्र "आता कशाला?" म्हणून कुणी पेटीच उघडली नाही.

मित्रांनो, मला घासू नका, हार घालू नका. वर्षातून एकदा पेटी तेवढी उघडा. आणि समोरच्या पारड्यात आधी आपल्या माणसाचे वजन ठेवा.