बरे झाल्याचा हिशेब

इसोबे कुनिओसाहेब नळाच्या तोट्या करणाऱ्या कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा हातखर्च तीस हजार येनवरून पंधरा हजारांवर आला.

"कंपनीने पगार अख्खा थांबवला," फुसाएबाई भात वाढत म्हणाल्या, "मी अर्धाच थांबवला. थोडं तरी आभारी राहा."

पगार आयुष्यभर बायकोच्या हातात आणि आपल्याला दरमहा एक पाकीट, याबद्दल साहेबांची तक्रार कधीच नव्हती. ताकाओका गावात घरोघरी तेच. पण ऑक्टोबरच्या शेवटी हिशेब खात्यातली जुनी मंडळी गरम पाण्याच्या कुंडांवर जाणार होती, राहून-खाऊन माणशी अठरा हजार, आणि पंधरातून अठरा वजा होत नाहीत हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. त्यांच्यातल्या मुराईचे तीन फोन येऊन गेले होते. "येतोयस ना रे? की वहिनींची सही राहिलीय अजून?"

ही 'सही' साहेबांना लागली.

"घरखर्चात कुठेतरी गळती आहे," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "मी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या गळत्या शोधल्या. एक महिना घरची वही माझ्याकडे दे. महिनाअखेर जे उरेल ते माझं."

"आणि नाही उरलं तर?"

"तर पंधरा हजारांत मरेपर्यंत गप्प बसेन."

फुसाएबाईंनी एवढ्या मोठ्या सुखाची अपेक्षाच केली नव्हती. त्यांनी त्याच क्षणी वही आणून ताटाशेजारी ठेवली. नव्या वर्षाच्या मासिकाबरोबर फुकट मिळते तीच. पाठोपाठ भाजी, वीज, औषध असं लिहिलेली पाकिटं आणि रबरबँडही आले.

साहेब सप्टेंबरात हर्नियाच्या ऑपरेशनमधून उठले होते, त्यामुळे त्यांना वाकायची मनाई होती. हिशेबाला वाकावं लागत नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला. गरजेचा खर्च, हौसेचा, ज्ञानाचा आणि अनपेक्षित अशी चार खाती पाडली, प्रत्येकाला रंग दिला आणि छापून फ्रिजवर लावला. रोज संध्याकाळी फुसाएबाईंनी पावत्या घेऊन समोर बसायचं.

"टोफूच्या दोन वड्या. का?"

"दोन माणसं आहोत."

"मोठी एक घेतली तर बावीस येन वाचतात."

"मग तुम्हीच आणा ना."

साहेब स्वतः आणू लागले. संध्याकाळी सातनंतर दुकानात माशांवर निम्म्या किमतीची चिठ्ठी चिकटते हे त्यांना कळलं, आणि एक अख्खा आठवडा घरात फक्त बांगडा होता. फुसाएबाईंनी तो रोज नीट भाजून वाढला. शेजारच्या मांजराचं वजन मात्र वाढलं.

खरा शोध लागला तो जिन्याखालच्या कपाटात. सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या साबणाच्या सात पेट्या, टॉवेलांचे पाच संच, दोन डबे बिस्किटं, कोणाची तरी शेवाळाच्या पापडांची बरणी. साहेबांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. पडून राहिलेला माल! ह्याच एका गोष्टीवरून त्यांनी कारखान्याच्या तीन गोदामबाबूंची बदली केली होती.

त्यांनी पेट्या आणि टॉवेलांचे संच फोडले. न्हाणीत गुलाबी साबण आला, बेसिनवर जांभळा, एक गाडीत वासासाठी. 'साबण, टॉवेल' ह्या ओळीत महिनाभर शून्य राहिलं, आणि त्या शून्याकडे साहेब दिवसातून दोनदा तरी बघून येत.

शिवाय ऑपरेशनच्या वेळची पाकिटं होती. भेटायला आलेल्या सात घरांनी पाच-पाच हजार दिले होते, फुसाएबाईंच्या थोरल्या वहिनींनी दहा. पंचेचाळीस हजार. ते साहेबांनी 'अनपेक्षित' खात्यात, पण जमेच्या बाजूला टाकले. पैसा आला की जमा, गेला की खर्च. यात मत असायचं कारण नाही.

पंचवीस तारखेला त्यांनी मुराईला फोन केला. "माझं नाव घाल. आणि पहिल्या रात्रीची बिअर माझ्याकडून."

"वहिनींनी सोडलं?"

"सोडायला मी काय बांधलेला होतो का?"

महिन्याच्या अखेरीला, सहलीच्या दोन दिवस आधी, ताळेबंद फुसाएबाईंसमोर ठेवला गेला. शिल्लक त्रेचाळीस हजार येन. फुसाएबाईंनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं.

"बेरीज बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"बेरीज बरोबरच असणार."

"तोगाशीबाईंचे पाच हजार कुठे दिसतात?"

"जमेत. अनपेक्षित."

"अहो, तुम्ही बरे झालात ना?"

"झालो की. कालच सायकल चालवली."

"मग ते लोकांना कळवलंत का?"

इसोबेसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. आजारपणात पाकीट आलं की बरं झाल्यावर त्याच्या निम्म्या किमतीची वस्तू घरोघरी जाते, शक्यतो वापरून संपणारी, म्हणजे दुखणंही संपलं असा अर्थ होतो. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या नावाने अशा कितीतरी वस्तू गेल्या होत्या. पण त्या आपोआप जातात असा त्यांचा समज होता. मोजे आपोआप धुतले जातात, तशा.

"निम्मे," ते पुटपुटले. "साडेबावीस हजार. ती रक्कम जमा नव्हतीच. ते देणं होतं."

"हं."

"पण वस्तू म्हणजे... कसली वस्तू?"

"साबण," फुसाएबाई म्हणाल्या. "आपल्याला दुसऱ्यांकडून आलेले. मी जपून ठेवले होते. सात घरांना सात पेट्या, वहिनींना टॉवेल. एक येन लागला नसता."

न्हाणीतून गुलाबाचा मंद वास येत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब दुकानातून साडेबावीस हजारांचा साबण आणि टॉवेल घेऊन, वहिनींचे टपालात टाकून, दारोदार निघाले. पहिलं दार तोगाशीबाईंचं.

"अगंबाई! इसोबेसाहेब, तुम्ही स्वतः?" तोगाशीबाईंनी पेटी दोन्ही हातांनी घेतली, कमरेत वाकल्या आणि एकदम गंभीर झाल्या. "वहिनींना बरं नाही का?"

"नाही, नाही, ती छान आहे."

"लपवू नका हो. नाहीतर तुम्ही कशाला आला असता? संध्याकाळी डोकावून जाते मी."

साहेबांना डोळ्यांसमोर पाच हजारांचं पाकीट दिसलं आणि त्याच्या पोटात अडीच हजारांचा साबण. "ती ठणठणीत आहे!" ते इतक्या जोरात म्हणाले की समोरचं कुत्रं उठून बसलं. "मी रिकामा असतो म्हणून तिने पाठवलं!"

"असं होय," तोगाशीबाई हसल्या. "थांबा, परसातली पर्सिमन फळं घेऊन जा. फार आलीत यंदा."

नको म्हणणं शक्य नव्हतं. दुसऱ्या घरी नवा तांदूळ मिळाला. तिसऱ्या घरी मुलीचं लग्न झालं होतं, त्यांनी लग्नाच्या माशाच्या आकाराच्या गुलाबी वडीचा शेपटाकडचा तुकडा कागदात बांधून दिला. साहेब प्रत्येक दारातून वजनदार होऊन बाहेर पडत होते, आणि मनातल्या मनात सगळं देण्याच्या बाजूला लिहीत होते. सायकलच्या टोपलीत मावेना, तेव्हा ते ती ढकलत घरी आले.

फुसाएबाईंनी पिशव्या उघडल्या. निम्मी फळं परडीत वेगळी काढली. "ही ओकुनोंकडे. त्यांनी दिलेल्या वांग्यांची परतफेड राहिलीय. तांदळातला किलोभर थोरल्या वहिनींना."

"हे चालतं?"

"तुमच्या पगारात घर कसं चाललं असं वाटतं तुम्हाला?"

साहेबांनी वही पुढे सरकवली. शिल्लक साडेवीस हजार लिहिलेली होती. "सहलीचे अठरा गेले की अडीच उरतात," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ठरल्याप्रमाणे माझे."

"तुमचेच. जा की." बाईंनी वही आपल्याकडे ओढून घेतली. "फक्त येताना आठ घरांना तिथलं काहीतरी आणा. ऑपरेशननंतर महिन्याभरात कुंडात डुंबून आलेला माणूस रिकाम्या हाताने गल्लीत शिरला तर मला भाजी आणायला बाहेर पडता येणार नाही."

"आठ डबे! प्रत्येकी हजार..."

"आठ डबे कशाला? पुरणाच्या बनांचा चोवीसचा मोठा डबा दोन हजारांना मिळतो. घरी आणा, तीन-तीन करून बांधू."

अडीचमधून दोन गेले, पाचशे उरले. मुराईला कबूल केलेली बिअर त्यात एक ग्लास येत होती. एका ग्लासात मंडळी पाच. तरी पण जाता येत होतं! साहेबांनी वहीला हात लावला नाही. ह्या बाईला हिशेब खात्यात घेतलं असतं तर आपण कारकून म्हणून निवृत्त झालो असतो, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटून गेलं.

"बांधायचा छान कागद आहेच आपल्याकडे," फुसाएबाई उठत म्हणाल्या. "गाद्यांच्या कपाटात, घड्या करून ठेवलेला. वर्षानुवर्षांचा आहे."

साहेबांनी फ्रिजकडे पाहिलं.

"अहो?"

"तो," इसोबेसाहेब म्हणाले, "पहिल्याच आठवड्यात रद्दीत दिला. त्या बदल्यात टॉयलेट पेपरचे चार रोल मिळाले. फ्रिजवर बघ, जमेत आहेत."