ठकूकाकी खाली बसली

कार्तिकातला पहाटेचा गारवा, नुकत्याच कापलेल्या भाताचा ओलसर गंध आणि लाकडी जिन्यावर वाजणारी जोडवी. माझी चुलती, ठकूकाकी, मला या क्रमानेच आठवते. कर्जतहून कशेळ्याच्या वाटेवरच्या आमच्या गावात देवळाच्या सभामंडपावर बायकांची माडी होती. पुरुषांनी देवासमोर बसायचं आणि आम्ही वरून, कठड्याच्या फटींतून, दिसेल तेवढा देव बघायचा! माडीची जमीन सारवलेल्या मातीची, तिच्याखाली फळ्या, फळ्यांखाली तुळया. कौलांतून वर्षानुवर्षं झिरपणाऱ्या पाण्याने त्या तुळयांची भिंतीतली टोकं कुजून गेली होती. तक्रार करून करून काकीचा घसा सुकला होता.

महायुद्धाच्या दिवसांत, एका काकड आरतीला फळी खचली आणि काकीच्या गरोदर सुनेचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. वर ती किंचाळत होती आणि खाली, छतातून लोंबणारा पाय बघून काही पुरुष हसत होते. हो, देवासमोर हसत होते! ते हसू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. पाय सोलवटून निघाला. पोटातलं बाळ वाचलं ते केवळ नशिबानं.

सुताराने तुळईच्या टोकात पटाशी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. तुळया बदलल्याशिवाय कुणी वर जाऊ नये, असं त्याने स्पष्ट सांगितलं. देवळामागे सागाची लाकडं रचलेली होती; पण ती नगारखान्यासाठी! पंचांनी मोडक्या फळीवर दुसरी फळी ठोकून घेतली. आणि पाटील उलट आम्हालाच म्हणाले, "सारवताना पानी कमी वता गं. तुळया पुडच्या सालाला बघू."

"तवर आमी मरायचं काय?" काकीने विचारलं.

दुसऱ्या पहाटे काकी जिन्याकडे वळलीच नाही. पदर कमरेला खोचून, लंगडणाऱ्या सुनेचा हात धरून ती मंडपात शिरली आणि थेट पुढच्या रांगेत बसली. तिच्यामागून एकेक करत आम्ही सगळ्या आलो. टाळ थांबले. समईच्या पिवळ्या उजेडात काकीचं ताठ मस्तक तेवढं दिसत होतं.

"ठकूवहिनी, वर जा," पाटील म्हणाले.

"तुमी जा वर. आमी हितंच हाय."

मग काय, काकड्याचा महिना संपायच्या आत तुळया बदलल्या! आमच्या जिवासाठी जो साग नव्हता, तो आम्हाला नजरेआड करण्यासाठी झटक्यात निघाला. काम पुरं झाल्यावर पाटलांनी मोठ्या समाधानाने काकीला माडी दाखवली. ती वर गेली, टाच आपटत कोपरान् कोपरा हिंडली, खाली आली आणि पुन्हा त्याच जागी बसली.

"पक्की झाली हाय रं माडी," ती सुताराला म्हणाली. "पन देव हितनं चांगला दिसतो."



काकीला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माडी भक्कम आहे आणि रिकामी आहे. पहाटे पुढच्या रांगेत बसणाऱ्या पोरींना काकीचं नावसुद्धा माहीत नाही, याचा मला आधी संताप येतो. मग त्यांच्याकडे बघत राहते. किती ऐसपैस बसतात! ही जागा कधीकाळी आपली नव्हती, हेच त्यांना ठाऊक नाही.