पाँडिचेरीला थांबलेले चाक

मी एक जुने चाक आहे. पण मित्रांनो, मला कधी रस्त्याची धूळ लागली नाही. आकाराने मी चवलीच्या नाण्याएवढा. माझ्या कडेला बारीक दाते आहेत आणि माझा आस म्हणजे आटे पाडलेला एक स्क्रू आहे. माझी मूठ धरून मला नकाशातल्या रस्त्यावरून फिरवले, की मी त्या आट्यांवरून हळूहळू दुसऱ्या टोकाकडे सरकतो. रस्ता संपला, की नकाशाच्या तळाशी छापलेल्या मैलांच्या पट्टीवर मला ठेवायचे आणि उलटे फिरवायचे. मी पहिल्या टोकाला येऊन अडलो, की पट्टीवर जितके मैल भरले तितके अंतर. म्हणजे जितका गेलो तितका सगळा परत आलो, तरच माझे काम पुरे.

विलायतेतल्या एका कारखान्यात मी घडलो आणि नगरच्या छावणीत आलो. युद्धाच्या काळात साहेब लोकांनी मला वाळवंटांच्या नकाशांवरून पळवले. युद्ध संपले आणि जुन्या सामानाबरोबर माझाही लिलाव झाला. तिथे मला सत्यवान मास्तरांनी घेतले. ते मिशनच्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी मला तेलाचा थेंब दिला, फडक्याने पुसले आणि म्हणाले, "किती अचूक आहे बघ." हे ते कोणाला म्हणाले, ते कळले नाही. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

मास्तरांची मुलगी रोझी मिरजेला नर्सिंग शिकायला गेली होती. तिथल्याच एका तमिळ कंपाउंडरशी तिने लग्न ठरवले. मास्तर लग्नाला गेले नाहीत. पुढे रोझी नवऱ्याच्या गावी, पाँडिचेरीला गेली. तो फ्रेंचांचा मुलूख. रोझीच्या आईला, कृपाबाईंना, तिला भेटायची ओढ लागली, तेव्हा मास्तर म्हणाले, "सगळेच मोटरने जाऊ. मी रस्ता आखतो."

मोटर होती कृपाबाईंच्या भावाची. हा भाऊ, डेव्हिड, देवळाली प्रवऱ्याचा. त्याच्या जुन्या मोटरीतून तो राहुरीच्या माणसांची ने-आण करी. दर रविवारी उपासना झाली, की टेबलावर नकाशा पसरला जाई. एका कोपऱ्यावर गीतांचे पुस्तक, दुसऱ्यावर पितळी तांब्या. मग मी निघे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगलोर. रस्त्याची लाल रेघ जिथे वळे तिथे मास्तर मला इतके हळुवार वळवत, की मला खरेच घाटात असल्यासारखे वाटे.

"दाजी, मोटर दुरुस्त करून ठिवली हाय. कवा निघायचं?" डेव्हिड विचारी.

"तुंगभद्रेवरचा पूल कोणत्या साली बांधला ते अजून कळलं नाही."

"पूल हाय का न्हाई येवढंच इचारा की. त्याचा वाढदिवस करायचाय का?"

कृपाबाई हसत. मास्तरांनी शाळेच्या कपाटातून फ्रेंच व्याकरणही आणले होते. ते सगळ्यांकडून 'बोंजूर', म्हणजे नमस्कार, म्हणवून घेत.

"शिमेवर झडती घेत्यात म्हनं," डेव्हिड म्हणाला. "बोंजूर म्हनलं की सोडत्याल व्हय?"

"निदान रागावणार तरी नाहीत."

"आणि जावयाशी कशात बोलाल?" कृपाबाईंनी विचारले. "त्याला मराठी चांगलं येतं."

 मास्तरांनी मला पट्टीवर ठेवले आणि ते मला उलटे फिरवायला लागले.

असे पुष्कळ रविवार गेले. दर वेळी काहीतरी नवे अडे: रेशनच्या पेट्रोलची कुपने, एखादी नदी, बंगलोरच्या पुढचा फाटा. मी समुद्राच्या काठापर्यंत जाई आणि टेबलाच्या बाहेर न पडता परत येई.

मग रोझीला दिवस गेल्याचे कळले. तिची तब्येत नाजूक होती; डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली.

"पहिलं बाळंतपण आईजवळ व्हायचं," कृपाबाई म्हणाल्या. "तिला येता येत नाही, तर मला गेलं पाहिजे."

"सुट्टी लागली की सगळेच जाऊ. वेल्लोरकडचा रस्ता एकदा नीट बघतो."

"बाळ काय तुमची सुट्टी बघून येणार आहे? अहो, रस्त्याचं काही अडलेलं नाही. तुम्हाला तिच्या दारात उभं राहायचं नाही."

मास्तरांनी मला तसेच पुढे ढकलले. मी पहिल्यांदाच लाल रेघ सोडून भलत्याच शेतात उतरलो.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत गेल्यावर कृपाबाईंनी ट्रंक भरली. डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांची दुपटी. बाहेर डेव्हिडची मोटर घरघरत होती.

"आक्का, चल की. दौंडची गाडी जाईल."

"थांब रे, एक काम राहिलंय."

त्यांनी मला उचलले. त्यांचा हात मला नवा होता. त्यांनी मला नगरवर टेकवले आणि लाल रेघेवरून नाही, रेल्वेच्या काळ्या रेघेवरून ढकलले. दौंड, सोलापूर, वाडी, गुंटकल. त्या जोरात दाबत होत्या, वळणे गाळत होत्या. मास्तरांच्या हिशेबाने ते मोजमाप सपशेल चुकलेले होते. पाँडिचेरीला पोचल्यावर त्यांनी मला तिथेच आडवे ठेवले आणि त्या निघून गेल्या.

मास्तर घरी आले. त्यांनी कृपाबाईंच्या शालीची रिकामी खुंटी पाहिली, मग मला पाहिले. सवयीने त्यांनी मला उचलून मैलांच्या पट्टीवर धरले. मी उलटा फिरायची वाट पाहत राहिलो. त्यांनी मला पुन्हा पाँडिचेरीवर ठेवले.

त्यानंतर नकाशा तसाच पसरलेला राहिला. मास्तर टेबलाच्या रिकाम्या टोकाला ताट घेऊन बसत. कधी वाचनाचा चष्मा लावत, कधी काढत. रविवारीसुद्धा त्यांनी मला हात लावला नाही. घरात आता मास्तर आणि मीच. मित्रांनो, एका घरात दोघे असून दोघेही एकटे असू शकतात, हे मला तेव्हा कळले. माझ्यावर धुळीचा पहिला थर तेव्हाच बसला.

एके दिवशी डेव्हिड तार घेऊन आला. "दाजी, पोरगी झाली. दोगीबी बऱ्या हायेत. आक्का येळंवर पोचली. बाप्तिस्म्याला मी चाललोय, आगगाडीनं. तुमचा पूल होऊ द्या सावकाश."

मास्तरांनी चष्मा लावून तार स्वतः वाचली. मग म्हणाले, "माझं तिकीट काढशील?"

"ते कवाच काढलंय," डेव्हिड म्हणाला.

निघताना मास्तरांनी मला तळहातावर घेतले. मला वाटले, आता ते मला खिशात टाकतील. पण त्यांनी मला पत्र्याच्या डबीत ठेवले, आहे तसे, स्क्रूच्या शेवटच्या टोकाला. नकाशाही त्यांनी घरीच ठेवला. कुलूप लागल्याचा आवाज मला डबीतून ऐकू आला.

काही आठवड्यांनी ते परतले. ओटीवर मास्तर शेजाऱ्यांना सांगत होते, नात कशी मूठ घट्ट धरते. नंतर त्यांना माझी गरज पडली नाही. मला त्याचे वाईट वाटते, आणि वाटतही नाही.

मित्रांनो, अशी एखादी डबी तुमच्या हाती आली, तर मला तेलाचा थेंब जरूर द्या; आटे गंजू देऊ नका. तुमची कोणी वाट पाहत असेल, तर तिथपर्यंतचे अंतर एकदाच मोजा आणि निघा. मला मात्र उलटे फिरवू नका. मी अजून पाँडिचेरीलाच आहे. समुद्र तेवढा पाहिलेला नाही. नकाशावर तो नुसता निळा असतो.