‘झालं’ म्हणणाऱ्यांच्या घरी

मित्रांनो, मी संगणक. जुना म्हणालात तर हरकत नाही, पण मंद म्हणाल तर याद राखा. मंद मी कधीच नव्हतो. कोण होतं, ते पुढे कळेलच.

कारखान्यात मला जोडणारी बाई हातमोजे घालून, श्वास रोखून काम करायची. माणसांबद्दल माझं चांगलं मत झालं ते तेव्हा, आणि तिथेच संपलं. या घरात आलो तेव्हा कोण कौतुक! शेजारीपाजारी मला बघायला आले. मग नवलाई ओसरली. माझ्या डोक्यावर कुंडी आली, पाठीमागच्या जाळीवर मोजे वाळू लागले, कीबोर्डात बिस्किटांचा चुरा साठला. कुणी फुकटातले खेळ भरले. कुणी व्हायरस मारायला एकाऐवजी तीन पहारेकरी बसवले. ते दिवसभर एकमेकांवरच गुरगुरायचे. एवढं ओझं लादून वर ही मंडळी म्हणणार, "फार हळू झालाय बुवा हा!"

या घरच्या कर्त्या पुरुषाला सगळे ‘तज्ज्ञ’ म्हणतात. एकदा बंद पडलेली इस्त्री त्याने आपटून सुरू केली, तेव्हापासून. तर एका रविवारी जेवणं आटोपल्यावर तज्ज्ञाने जाहीर केलं, "आज हा सगळा पुसायचा आणि सिस्टीम नव्याने टाकायची. एकदम पळायला लागेल!"

हे ऐकून आत्या हातातली भाजी टाकून आली. आत्या म्हणजे तज्ज्ञाची थोरली बहीण. ती मुलांच्या वाचनालयात गोष्टी सांगायची. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज कायमचा गेला. त्याआधी सांगितलेल्या गोष्टी तेवढ्या माझ्या पोटात होत्या, दुसरीकडे कुठेही नव्हत्या. भाजी निवडता निवडता ती त्यातली एखादी लावायची आणि स्वतःच्याच आवाजाबरोबर ओठ हलवायची. मला सुरू करण्याआधी कुंडी उतरवून ठेवणारं त्या घरात तेवढंच एक माणूस होतं.

तज्ज्ञाने पडद्यावरची त्या गोष्टींची चित्रं, म्हणजे शॉर्टकट, पेनड्राइव्हवर ओढली. चुटकीसरशी काम उरकलं. अहो, ती चित्रं म्हणजे नुसत्या दारावरच्या पाट्या! पाटी उचलली म्हणजे घर हलवलं, असं समजणारा हा तज्ज्ञ. खात्री म्हणून त्याने पेनड्राइव्हवरची एक पाटी माझ्यावरच उघडली. गोष्ट वाजली. वाजणारच, घर अजून इथेच होतं ना!

"बघ ताई, झालं! काळजी मिटली," असं म्हणून त्याने पेनड्राइव्ह काढला आणि मला पुसायची आज्ञा दिली. माझ्या पडद्यावर ‘सगळं पुसायचं का?’ असा प्रश्न उभा राहिला.

धाकट्या भावाचं हे ‘झालं’ आत्या चांगलं ओळखून होती. लहानपणी त्याचा अभ्यासही असाच व्हायचा. तिने कीबोर्डवर पंजा ठेवला आणि भाचीच्या, म्हणजे तज्ज्ञाच्या लेकीच्या, लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"अगं, आत्ता तुझ्यासमोर वाजलं ना? विश्वास नाही का माझ्यावर?"

आत्याने सरळ नकारार्थी मान हलवली.

"बाबा, लावून बघू ना. आपलं काय जातंय?" लेक म्हणाली.

लॅपटॉपवर पहिली गोष्ट उघडली नाही. दुसरी नाही, तिसरीही नाही. ‘फाइल सापडत नाही’ एवढंच येत राहिलं. आत्याने ओरडायला तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला त्या माणसाची किळस आली.

"ताई, मी पुसणारच होतो गं," तज्ज्ञ कसाबसा बोलला आणि माझ्यासमोरची खुर्ची त्याने लेकीला रिकामी करून दिली.

मग लेकीने माझ्या पोटात शिरून खऱ्या फाइली शोधल्या आणि पेनड्राइव्हवर घेतल्या. दुपार सरली तरी मी कुरकुरत त्या देतच होतो, पण त्या दिवशी माझ्या हळूपणाला कुणी नावं ठेवली नाहीत. आत्याने एकेक गोष्ट लॅपटॉपवर लावून पाहिली. पहिलीच लावली तेव्हा खोलीत तिचा खणखणीत आवाज आला, "झालं म्हणायची घाई करू नका रे बाळांनो, गोष्ट अजून संपलेली नाही!" तज्ज्ञाने मान वर केली नाही.

सगळ्या गोष्टी तपासून झाल्यावर ‘हो’चं बटण आत्याने स्वतः दाबलं.

पुसल्यावर मला हे आठवतं कसं, असं विचारू नका. अंघोळ केली की तुम्ही आईला विसरता का?

आता मी पळतो. खेळ गेले, पहारेकरी गेले, आत्याच्या गोष्टी परत माझ्यापाशी आल्या आणि पेनड्राइव्ह तिच्या कपाटात गेला. "आपणच केलं सगळं," असं तज्ज्ञ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. सांगू दे. पण बहिणीने गोष्ट लावली की तो आता निमूटपणे कुंडी उचलतो.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. ते तुमच्याच्याने व्हायचं नाही. तुम्ही एवढंच करा. पुसण्याआधी घेतलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. ज्याचा आवाज एकदा गेलाय, त्याला तुमच्या घाईपायी दुसऱ्यांदा मुकं करू नका.