खाऱ्या वाऱ्यातली फटफटी

धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरांच्या कडेला, बाबाजी म्हात्र्याचं घर होतं आणि त्या घराच्या पडवीत एक फटफटी उभी असे. साऱ्या पंचक्रोशीत दुसरी फटफटी नव्हती, आणि ही एक होती ती काही चालत नव्हती. पण तिच्या काळ्या टाकीत बघून माणसाने पागोटं बांधून घ्यावं, इतकी ती लखलखीत असे.

बाबाजीचा थोरला मुलगा चंदर हा किहीमला एका पारशी शेटच्या बंगल्यावर ड्रायव्हर होता. मोठी लढाई संपल्यावर शेट कायमचा विलायतेला निघाला आणि जाताना जुनी फटफटी चंदरला देऊन गेला. चंदरने ती पेणच्या रस्त्यावर एक हंगाम फिरवली. लोक आवाज ऐकून बांधावर धावत यायचे. पुढे त्याला मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर इंजिनात काम लागलं. निघताना तो बायकोला, ठमीला, म्हणाला, परत येईन तेव्हा हिच्यावर डाग दिसता कामा नये. पहिल्या वर्षी कुणा खलाशाच्या तोंडी तो खुशाल असल्याचा निरोप आला. त्यानंतर काहीच आलं नाही.

मिठागराचा वारा लोखंडाला जगू देत नाही. तिथे कोयता दोन दिवस खुंटीला टांगला तर लाल होतो, दाराच्या कड्या बोटाने मोडतात. असल्या वाऱ्यात ठमीने ती फटफटी सांभाळली. विहिरीचं पाणी खारं, म्हणून ती पार टेकडीखालून गोड्या पाण्याचा एक हंडा जास्तीचा आणायची. त्या पाण्यात जुनं मऊ धोतर भिजवून फटफटीच्या अंगावर बसलेलं मीठ आधी उतरवायचं, घासायचं नाही, नुसतं टिपायचं. मग कोरड्या फडक्याने एकेक सांदीकोपरा सुकवायचा. दिव्यावर आणि हँडलवर रुप्यासारखा पांढरा मुलामा होता, त्याला खडूची वस्त्रगाळ पूड अलगद लावायची. रंगावर मेणाचा पातळ हात द्यायचा आणि वर गोधडी घालायची. हे सगळं चंदरने तिला शिकवलेलं. तिने दुसऱ्या कुणाला शिकवलं नाही, कारण दुसऱ्या कुणाचा हात तिला तिथे नकोच होता.

पाणवठ्यावर बायका टोचून बोलत. राही तर रोज विचारायची, "काय गं, सवतीला अंघोळ घातलीस का?"

"घातली की," ठमी म्हणायची. "सवत बरी हाय माजी. तुज्या सासूवानी बडबडत तरी न्हाय."

बायका हसत आणि ठमीही हसे. पण जोवर त्या लोखंडाला गंज धरत नाही तोवर आपला माणूस कुठेतरी जिवंत आहे, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. तोंडाने ती कधी बोलली नाही. घरातल्यांना मात्र ते कळत होतं. तिच्या कपाळावरचं कुंकू आणि पडवीतली ती चकाकी, दोन्हींकडे कुणी बोट दाखवत नव्हतं.

अशी बारा वर्षं उलटली. त्या उन्हाळ्यात बाबाजीला स्वप्नं पडू लागली. चंदर मिठागराच्या बांधावर उभा आहे आणि पाणी मागतो आहे. म्हाताऱ्याने जेवण टाकलं. पेणच्या भटजींनी सांगितलं की बारा वर्षं पत्ता नाही म्हणजे माणूस गेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा, नाहीतर त्या जिवाला पाणी पोचत नाही. बाबाजीने ठमीला बोलावलं.

"पोरी, त्याला पानी पोचत न्हाय. किती दिस ताटकळत ठेवू?"

"मामंजी, जित्या मानसाला पानी सोडतात व्हय?"

"जित्ता हाय, ह्ये तुला कुनी सांगितलं?"

ठमीने पडवीकडे पाहिलं. बाबाजीनेही पाहिलं.

"लोखंड हाय ते, ठमे," तो हळूच म्हणाला. "त्याला काय कळतं?"

ठमी काही दिवस अडून बसली. पण म्हातारा डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि जो आहे की नाही तेच नक्की नाही, त्याला वाचवायचं म्हणून समोरच्याला मारायचं, हे तिला झेपेना. करा म्हणाली. फटफटीला मात्र हात लावू नका, एवढंच तिने मागून घेतलं.

खाडीकाठी पुतळा केला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला, अंगावर चंदरचा जुना सदरा घातला. पानं ती, भुर्रकन जळून गेली. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि तिला माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं. सुतक फिटेपर्यंत तिने पडवीत यायचं नव्हतं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता कोपऱ्यात बसल्या बसल्या खाडीचा वारा वाजला की तिला फटफटीवर बसत चाललेलं मीठ दिसे. शेवटी तिने गोदूला, धाकट्या जावेला, दाराशी बोलावून सांगितलं की तेवढी पुसत जा.

गोदू मायाळू बाई. तिने रोज पुसलं. सुतक फिटायच्या दिवशी तिने घर सारवलं, धुणी धुतली, अंगणात तांब्यापितळेची सगळी भांडी काढून चिंच आणि राख लावून घासली. घासता घासता तिच्या मनात आलं की ही तर भाऊजींची खास वस्तू, घराला सुतक तसं हिलाही असणार. ते फेडल्याशिवाय हिला तशीच कशी ठेवायची? मग नारळाची शेंडी घेऊन, चिंच चोळून, राखेने तिने सगळी फटफटी जोर लावून घासली आणि विहिरीच्या पाण्याने धुतली. आधी ती झगझगली. गोदूला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी पडवीत आली. इतक्या वर्षांच्या पुसण्याने पातळ झालेला मुलामा चिंचेने आणि राखेने सोलून निघाला होता. आतलं पितळ उघडं पडून दिवा पिवळा दिसत होता. टाकीवर राखेचे ओरखडे उठले होते, तिच्यावरच्या सोनेरी रेघा गेल्या होत्या. आणि उघड्या पडलेल्या हँडलवर एका रात्रीत तांबूस गंज चढला होता.

"बाय, मी भांड्यांवानी घासली," गोदू मागे उभी राहून रडू लागली. "सुतक फिटावं म्हनून."

 ठमीने फडकं उचललं आणि सवयीने हँडलवरून फिरवलं. फडकं लाल झालं. तिने बाजू पालटून पुन्हा फिरवलं, ती बाजूही लाल झाली.

बाबाजी काठी टेकत आला. विधी झाल्यापासून स्वप्न थांबलं होतं, तो दोन घास खाऊ लागला होता. त्याने हँडलवर बोट ठेवलं आणि ते बोट डोळ्यांपाशी धरून बराच वेळ पाहिलं. 

"ठमे, इतकी वर्सं इला काय झालं न्हवतं. आमी पुतळा जाळला आन..." त्याने ते बोट तिच्यापुढे धरलं. "आपन घाई तं न्हाय ना केली? तो जित्ता असंल, आन मीच त्याला..."

त्याचं उत्तर ठमीपाशी कधीपासून तयार होतं. नुसतं व्हय म्हणायचं होतं. सुतकाचे सगळे दिवस कोपऱ्यात बसून ती मनातल्या मनात तेच तर म्हणत होती. तिने म्हाताऱ्याचं बोट पदराने पुसलं.

"न्हाय मामंजी. ते कवाच गेलेले. मला ठाव होतं."

"मंग इतकी वर्सं पुसत का होतीस?"

"हाताला सवय लागलेली," ठमी म्हणाली. "ह्यो गंज चिंचेचा हाय. बाकी काय न्हाय."

बाबाजीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. मग त्याने लांब श्वास सोडला आणि तिथेच भिंतीला टेकून बसला.

त्या दुपारी म्हातारा पोटभर जेवला. ठमीने त्याला वाढलं, आणखी भात हवा का विचारलं. तिचं पान गोदूने झाकून ठेवलं होतं. ते दिवेलागणीपर्यंत झाकलेलंच राहिलं.