सीलंटचे तीन हात

नांदेडच्या देगलूर नाक्यावर चांदपाशा पेंटर म्हटलं की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नाही. लातूरच्या भूकंपाच्या साली त्याने पहिल्यांदा स्प्रे गन हातात धरली. त्याला आता पाव शतक झालं, आणि एवढ्या काळात त्याने एकच गोष्ट मनापासून मानली: रंगाला तीन हात पाहिजेत आणि तिन्ही हातांना ऊन पाहिजे. एका हातात काम उरकणारा पेंटर त्याच्या लेखी पाहुण्याला जेवायला बोलावून एकच पोळी वाढणारा माणूस होता.

पण अलीकडे लोक गाडीला रंग द्यायला कमी आणि चमकवायला जास्त येऊ लागले. कुणी म्हणे पॉलिश करा, कुणी म्हणे सीलंट लावा. हे सीलंट म्हणजे बाटलीतलं पांढरं, दाटसर पाणी. ते गाडीवर लावायचं, वाळून धुरकट झालं की पुसायचं, मग म्हणे रंगावर धूळ बसत नाही आणि चमक सहा महिने हटत नाही. चांदपाशाने शेडवर ‘कार डिटेलिंग’ अशी नवी पाटी लावली आणि डोकं मात्र जुनंच ठेवलं.

बाटलीवरचं इंग्रजी वाचायला घरात तूबा होती, त्याची वीस वर्षांची लेक. त्या दिवसांत आपल्याकडे कुणाचं पोर दहावी झालं की शेजारीपाजारी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारत, ‘लातूरला क्लास कोणता लावला?’ तूबाही दोन वर्षं लातूरला राहिली, मेडिकलची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्हीदा राहिली. गेल्या पावसाळ्यात ती बाडबिस्तरा घेऊन घरी आली आणि म्हणाली, “अब्बा, आता मला गाड्यांचं काम शिकवा.” चांदपाशाला वाटलं, अभ्यासाने पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावायची तिला बंदी झाली. मग ती शेडमागे पडलेल्या एका जीपच्या दारावर वर्षभर काहीबाही घासत बसली आणि बापाने तिकडे कानाडोळा केला.

घरात बापलेकीचं बोलणं दखनीत चाले, पण आपण ते सोयीसाठी मराठीतच ऐकू.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एके सकाळी अमृतराव सर आले. मूळचे कंधारचे, पण लातूरला त्यांच्या क्लासचा एवढा बोलबाला की पोराला त्यांच्याकडे प्रवेश मिळाला तरी लोक नातेवाइकांना फोन करत. त्यांची गाडी नवी, मोठी आणि काळीभोर होती.

“चांदभाई, उद्या आपल्या नांदेडच्या शाखेचं उद्घाटन हाय,” ते म्हणाले. “निकालात चमकलेली पोरं या गाडीतून मिरवणार. हिच्यात तोंड दिसलं पाहिजे.”

“दाढी करता येईल सर, हिच्यात बघून.”

सर हसले. त्यांची नजर बादली घेऊन उभ्या असलेल्या तूबाकडे गेली. “ही तुमची पोरगी ना? काय करून राहिली सध्या?”

चांदपाशाने मान खाली घालून सगळं सांगितलं.

“घरी बसवली? अरे, दोनदा राहिली म्हणून काय झालं. माझ्या लातूरच्या खास तुकडीत एक जागा तिच्यासाठी ठेवतो, माझ्याकडून. तुम्ही गाडी मनासारखी करून द्या. संध्याकाळी पाचला येतो.”

सर रिक्षाने गेले आणि चांदपाशा जागच्या जागी उभा राहिला. त्या खास तुकडीत जागा मिळावी म्हणून तालुक्या-तालुक्यातून वशिले येत. आणि इथे ती आपल्या पायाने चालत त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली होती. त्याचे डोळे भरून आले.

“मला न्हाई जायचं अब्बा,” तूबा म्हणाली.

“तू गप. पाणी आण.”

गाडी धुऊन, पुसून कोरडी झाली. तूबाने बाटली वाचून दाखवली: सावलीत लावा, पातळ लावा, एकच हात द्या.

“एवढ्या मोठ्या माणसाच्या गाडीला एक हात?” चांदपाशा म्हणाला. “त्याला वाटंल, पाशानं हात आखडला.”

“पण अब्बा, हा रंग न्हाई.”

“पंचवीस वर्षं मी काय गाड्यांना हळद लावून राहिलो का?”

चांदपाशाने बाटली उपडी केली आणि टपापासून डिक्कीपर्यंत सढळ हाताने तीन हात थापले. तिसरा देताना मनात दुवाही मागितली. मग गाडी ढकलून शेडबाहेर रखरखीत उन्हात उभी केली, मशिदीत जाऊन जोहरची नमाज पढली, घरी जेवला आणि आडवा झाला. फार दिवसांनी त्याला इतकी गाढ झोप लागली.

तीनला येऊन पाहतो तर काळी गाडी गायब. तिच्या जागी ईदच्या आधी चुना मारलेली भिंत चाकांवर उभी होती.

त्याने फडकं घेऊन बोनेट पुसलं. काही झालं नाही. जोर लावून पुसलं, तर पांढऱ्यावर करडे फरांटे उठले. फडकं चिकटू लागलं. घामाने बनियन भिजलं, पण थर तसूभर हलेना. आणि मग ज्या माणसाने शेडमधल्या प्रत्येक कारागिराला थिनर जपून वापरायला शिकवलं, तोच थिनरचा डबा घेऊन बोनेटकडे निघाला. तूबाने त्याचं मनगट धरलं.

“थिनरनं रंग निघंल अब्बा. तुम्हीच सांगता की.”

चांदपाशा डबा ठेवून जमिनीवर बसला. आपण काय करायला निघालो होतो, ते आता त्याला कळलं. “तुझी जागा होती ती,” तो म्हणाला. “माझ्या हातानं घालवली.”

“जागा राहू द्या बाजूला. गाडी वाचवायची का न्हाई?”

लेक आजवर या आवाजात त्याच्याशी कधी बोलली नव्हती. “हाव,” तो म्हणाला.

दोघांनी गाडी सावलीत ओढली. पंखा लावला. पत्रा हाताला गार लागेपर्यंत तूबाने त्याला फडक्याचं टोकही लावू दिलं नाही. मग तिने सीलंटची दुसरी बाटली उघडली आणि बोनेटवर तळहाताएवढ्या जागेत अगदी पातळ फिरवलं.

“अगं, त्यानंच तर घात झाला. तेच परत लावते?”

“काट्यानं काटा काढायचा.” तिने लगेच पुसलं. नव्या ओल्या थराने जुना वाळलेला थर मऊ झाला होता. दोन्ही मिळून फडक्यावर आले आणि तेवढ्या जागेत काळा रंग चमकला. “जीपच्या दाराला मी बी असंच जाड थापलं होतं. हे समजायला आठ दिवस लागले.”

चांदपाशा गुमान फडकं घेऊन दुसऱ्या बाजूला बसला. फडक्याच्या चार घड्या, प्रत्येक वेळी नवी घडी, जोर लावायचा नाही. “हलकं, अब्बा,” ती दर मिनिटाला म्हणे आणि तो हलकं करी. तळहात तळहात करत बोनेट निघालं, दारं निघाली. चार वाजून गेले.

मागचं दार पुसता पुसता त्याच्या मनात एक गोष्ट आली आणि तो थांबला. गाडी चमकली की पोरगी लातूरला जाणार, हे ठरलेलं होतं. आणि तिला तर जायचं नव्हतं.

“तूबा, गाडी बिघडलेलीच राहिली असती तर तुझं बरं होतं. मग का पुसून राहिली एवढी जीव तोडून?”

तिने मान वर केली नाही. “आपल्या शेडमधून अशी गाडी बाहेर जाऊ द्यायची का?”

वर्षभर ही पोरगी आपल्या डोळ्यांसमोर बसून काम शिकत होती आणि आपण तिच्या नापास होण्याचीच लाज धरून बसलो, हे त्याला तेव्हा कळलं. त्याला स्वतःचाच राग आला. त्याने फडक्याची घडी पालटली आणि पुसू लागला.

शेवटी तिने सगळ्या गाडीवर एकच पातळ हात दिला. धुरकट झाल्यावर बोट ओढून पाहिलं. बोटाची रेघ स्वच्छ उमटली, चिकटली नाही, तेव्हा दोघांनी पुसून काढलं. पाचला पाच मिनिटं कमी होती.

अमृतराव सरांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या, दारात आपलं तोंड पाहिलं आणि केस सारखे केले. “वा, चांदभाई. कमाल केली. पोरीचं पूर्ण नाव सांगा, आत्ताच यादीत घालतो.”

चांदपाशाने लेकीकडे पाहिलं. ती फडकी झटकत होती, मुद्दाम पाठ करून.

“जागा दुसऱ्या कुणाला द्या सर,” तो म्हणाला. “तुमचे लई उपकार. पण पोरगी कामाला लागली.”

“कामाला? कुठं?”

“इथंच. सर, खोटं न्हाई बोलत. दुपारी तुमची गाडी मी पार बिघडवली होती. ही जी चमक हाय ना, ती हिची हाय. मला तिनं शिकवलं.”

पाव शतकात चांदपाशाने गिऱ्हाइकासमोर स्वतःची चूक पहिल्यांदाच कबूल केली होती. सरांनी गाडीकडे पाहिलं, मग तूबाकडे. आलेला नकार त्यांना नवीनच होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना लगेच सुचेना. पण गाडी समोर चमकत होती.

“बरं,” ते म्हणाले. “घरी मिसेसची पांढरी गाडी हाय. गुरुवारी पाठवू का?”

उत्तर द्यायला चांदपाशाने तोंड उघडलं आणि मिटलं. तूबा वळली.

“गुरुवारी न्हाई जमणार सर. गर्दी हाय. शुक्रवारी पाठवा, सकाळी लवकर.”

गुरुवारी शेडमध्ये एकही गाडी येणार नव्हती. चांदपाशाने गंभीर चेहऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, “हाव सर. गुरुवारी आमच्याकडं लई गर्दी राहते.”